शार्कच्या दाताची डागडुजी

"पृथ्वीचा इतिहास म्हणजे शेवटी दातांचा इतिहास," डॉक्टर म्हणाले. "मांस कुजतं, हाडं झिजतात, साम्राज्यं मातीत जातात. दात तेवढे उरतात."

एवढं बोलून त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी गुरगुरली आणि जागची हलली नाही.

"अहो, हँडब्रेक," ताई म्हणाल्या.

अशा रीतीने पृथ्वीचा इतिहास एकदाचा मार्गाला लागला.

डॉक्टर दातांचे होते, हे वेगळं सांगायला नको. दवाखाना विकला तेव्हा खुर्ची गेली, दिवा गेला, एक्स-रेचं यंत्र गेलं. हत्यारांची एक पेटी मात्र त्यांनी ठेवून घेतली. जीवाश्म साफ करायला असली बारीक हत्यारं फार उपयोगी पडतात, असं ते विचारणाऱ्याला सांगत, आणि ते खरंही होतं. पेटीच्या तळाशी दात भरायचं सिमेंट होतं, ते कुठल्या जीवाश्माला लागतं हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही.

शेजारी बसलेल्या ताई म्हणजे त्यांची बायको. दवाखान्याच्या दारात बसून चिठ्ठी, पाण्याचा पेला आणि धीर ही तिन्ही खाती त्यांनीच सांभाळल्यामुळे सगळे पेशंट त्यांना ताईच म्हणत. पण खऱ्या अर्थाने त्या ताई होत्या ते मागच्या सीटवर बसलेल्या गृहस्थाच्या. त्याचं नाव बाळ. बाळने साठी ओलांडली होती, केसांनी त्याला ओलांडलं होतं, तरी नाव तेच राहिलं होतं. डॉक्टर त्याला बाळासाहेब म्हणत. त्यात मेहुण्याचा मान किती आणि थट्टा किती, याचा हिशोब बाळने कधी मागितला नव्हता.

बाळची सगळी नोकरी बसस्थानकावर, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत झाली. छत्र्या, कानटोप्या, जेवणाचे डबे, एकदा तर एक पेटीवाद्य. सापडायचं एकाला, सांभाळायचा बाळ, घेऊन जायचा तिसरा. ज्याची वस्तू आलेलीच नसायची तो खिडकीतून डोकं आत घालून म्हणायचा, "नीट बघा हो जरा." मग बाळ पुन्हा बघायचा. फळीवर काही नसायचंच, पण जन्मभर लोक नीट बघा म्हणत राहिले, तेव्हा आपल्याला नीट दिसत नाही अशी त्याची हळूहळू खात्री झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उलट सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. बायको गेल्यापासून तर तो घरातून बाहेर पडायचंही टाळत होता. म्हणून ताईंनी त्याला या सहलीला धरून आणलं होतं, जवळजवळ कॉलरला धरून.

गाडी दुपारी एका कोरड्या घळीपाशी थांबली. कोणे एके काळी तिथे समुद्र होता, असं डॉक्टरांच्या पुस्तकात होतं. डॉक्टरांनी रुंद काठाची टोपी घातली, अंगात असंख्य खिशांचं जाकीट चढवलं, हातोडी कमरेला लावली आणि समुद्र परत आला तरी तयारी असावी अशा बेताने ते खाली उतरले. ताई सावली बघून सतरंजी घालून बसल्या. बाळ ऑफिसच्या बुटांनिशी मागून गेला.

डॉक्टरांना पुष्कळ काही सापडलं. एक जबड्याचं हाड सापडलं, तो दगड निघाला. एक अंडं सापडलं, तोही दगडच निघाला. मग मणक्याचा एक सुरेख तुकडा सापडला, तो मात्र दगड नव्हता, जुन्या नळाचा जोड होता. हे सगळं होईपर्यंत बाळच्या बुटात खडा गेला. तो काढायला तो उताराला टेकून बसला, आधाराला हात खाली ठेवला आणि हाताला काहीतरी टोचलं.

त्याने आरडाओरडा केला नाही. ती वस्तू त्याने उचलली, शर्टाला पुसली, आणि हात वर करून विचारलं, "भावोजी, हे कुणाचं पडलंय का?"

शार्कचा दात होता. अंगठ्याएवढा, काळसर, कडेला अजून धार. डॉक्टरांनी तो बघितला आणि बाळचं अभिनंदन केलं. 'अजिबात दुखणार नाही' हे वाक्य ते ज्या आवाजात म्हणत, तोच आवाज त्या वेळी लागला.

लॉजवर पोचेपर्यंत बाळने दात दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता. मध्येच त्याने विचारलं, की उद्याच्या वाटेवर ते जे छोटं संग्रहालय लागतं, तिथे हा जमा करता येईल का. घरी ठेवायची कल्पनाच त्याला सुचली नाही. सापडलेली वस्तू जमा करायची असते. फक्त, कुणाला सापडली ते लिहितात का, हे त्याने जरा वेळाने आणि खिडकीबाहेर बघत विचारलं. लिहितात, असं डॉक्टर म्हणाले. मग ताईंनी आरशात बघितलं तर बाळ आपल्याशीच हसत होता. बायको गेल्यानंतर असा तो पहिल्यांदाच हसताना दिसला.

संध्याकाळी डॉक्टरांनी दात साफ करून द्यायचं कबूल केलं. बहीणभाऊ खाली अंगणात गप्पा मारत बसले. वर खोलीत डॉक्टरांनी टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, दिव्याची मान वाकवली आणि पेटी उघडली. हत्यारं हातात आली तसे खांदे आपोआप सैल झाले. माती निघाली, धार उजळली, मुळाकडचा भाग मोकळा झाला. तिथे डाव्या बाजूला एक बारीक भोक होतं, चिखलाने अर्धवट बुजलेलं. डॉक्टरांनी चिखल कोरून काढला. आत स्वच्छ गोल पोकळी.

यानंतरचं काम डॉक्टरांनी केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते हातांनी केलं. हातांनी कापसाचा बोळा फिरवून पोकळी कोरडी केली, काचेच्या तुकड्यावर सिमेंट कालवलं, ते भरलं, दाबलं, कडा एकसारख्या केल्या. रंग जुळेना म्हणून पेन्सिलीचं शिसं खरवडून त्यात मिसळलं. शेवटी वरचा दात खालच्यावर नीट बसतो का हे पाहायला ते वाकले, तेव्हा तिथे खालचा दात नव्हता, एवढंच त्यांना किंचित खटकलं. मग तो दात त्यांनी कापसात गुंडाळून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि खाली जाऊन बाळच्या हातात दिला.

"सकाळपर्यंत काही लागू देऊ नका," ते म्हणाले. आणि चांगलं काम केलेल्या माणसाला लागते तशी त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी गाडी रस्त्याला लागली तेव्हा बाळच बोलायला लागला, हेच नवल. रात्री झोप येईना म्हणून त्याने डॉक्टरांचं पुस्तक चाळलं होतं. डबी मात्र बजावल्याप्रमाणे उघडली नव्हती.

"भावोजी, त्या दाताला मुळाशी एक भोक आहे बघा. मी काल तिथेच बघितलं होतं, पण म्हटलं आपल्याला काय कळतंय. तर पुस्तकात अगदी तसंच चित्र आहे. दात पडून समुद्राच्या तळाशी जातो ना, मग एखादा किडा त्यात भोक पाडून राहायला येतो. म्हणजे दात एकाचा आणि घर दुसऱ्याचं." तो थोडा थांबला. "कुणीतरी राहून गेलंय त्यात. मला फार बरं वाटलं वाचून. आणि असा दात या भागात कुणाला मिळाल्याचं पुस्तकात तरी नाही."

डॉक्टरांनी तिसरा गिअर टाकायचा तो पहिला टाकला.

सगळी हयात त्यांनी लोकांना कीड लागली आहे असं सांगून दात भरून दिले होते. प्रत्यक्ष किडा राहून गेलेला दात आयुष्यात एकदाच हाताखाली आला, आणि त्यांनी त्याचं दार बंद करून टाकलं. कानांच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत त्यांना गरम वाटू लागलं. आताच सांगावं, असं त्यांनी ठरवलं, आणि त्याऐवजी टायरमधली हवा कमी वाटते म्हणून गाडी थांबवली. हवा ठीक होती. पुढे देखावा चांगला आहे म्हणून थांबवली. देखाव्यात एक पाण्याची टाकी होती. तिसऱ्यांदा ते पुन्हा टायरपाशी वाकले तेव्हा ताई खाली उतरल्या.

"काय केलंत?"

"साफ केला."

"नुसता साफ?"

डॉक्टरांनी टायरच्या झडपेचं टोपण काढलं आणि परत लावलं. "भरला," ते म्हणाले.

ताईंच्या पोटातून हसू निघालं, ओठांपर्यंत आलं, आणि मागच्या काचेतून डबी मांडीवर धरून बसलेला भाऊ दिसल्यावर आल्या वाटेने परत गेलं.

"हे तुम्हीच सांगायचं," त्या म्हणाल्या. "दाढ काढावी लागेल हे सांगायला जन्मभर मला दारात बसवलंत. ही दाढ तुमची तुम्ही काढा."

डॉक्टरांनी मान हलवली. पण संग्रहालय येईपर्यंत ते फक्त रस्त्याबद्दल बोलले.

संग्रहालय म्हणजे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली, काचेची कपाटं, एक डुगडुगता पंखा आणि टेबलामागे एक बाई. जिना चढण्याआधी बाळने उरलेल्या केसांवरून कंगवा फिरवला. डबी त्याने स्वतः उघडली. बाईंनी दात भिंगाखाली धरला आणि, छान आहे, अगदी छान, अशी मनापासून दाद दिली. बाळ खुर्चीच्या टोकाला सरकला. आता उलटा करून बघा, तो म्हणाला, मुळाशी डावीकडे. तिथे भोक आहे, त्यात किडा राहत होता.

बाईंनी दात उलटा केला. फिरवला. पुन्हा फिरवला.

"इथे तर काही नाहीये."

"असेल बघा."

"तुम्हीच बघा ना," असं म्हणून बाईंनी भिंग त्याच्या हातात दिलं. "नीट बघा."

डॉक्टर त्या वेळी शिंपल्यांच्या कपाटापाशी उभे होते आणि एका चिठ्ठीवरचा मजकूर जणू परीक्षेला असल्यासारखा वाचत होते.

बाळने नीट बघितलं. मग भिंग टेबलावर ठेवलं. "नाहीये," तो म्हणाला, आणि बारीकसं हसला. "माझं असंच होतं हो. पुस्तकात चित्र बघितलं असणार आणि मनानेच इथे चिकटवलं. दिसायचा जरा घोळ आहे माझा."

इथे गप्प बसलं असतं तर सगळं मिटत होतं. दात छान होता, बाई खूश होत्या, सिमेंटचा रंग इतका जुळला होता की शार्कलाही कळलं नसतं. डॉक्टर गप्प बसले. किती वेळ, ते सांगायची सोय नाही. पण तेवढ्या वेळात बाळने चष्मा काढून पुसला, परत डोळ्यांवर चढवला, आणि बाईंचा वेळ घेतल्याबद्दल त्यांची माफी मागितली.

"भोक होतं," डॉक्टर शिंपल्यांना म्हणाले.

"काय?"

डॉक्टर वळले. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाचं तोंड उघडेना. "होतं. मी भरलं. काल संध्याकाळी. सिमेंटने. मी दातांचा डॉक्टर आहे," ते म्हणाले, जणू त्यामुळे बाजू जरा सावरेल.

बाईंनी दाताकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. मग त्यांनी कामाचं तेवढं विचारलं, की ते काढता येईल का.

"माझं भरलेलं निघत नाही," डॉक्टर म्हणाले. म्हणता म्हणता त्यांना स्वतःच्या आवाजातला अभिमान ऐकू आला, आणि जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. पण वाचनालयाची जमीन पक्की होती. जोर केला तर दातच तुटेल, हे त्यांनी खालच्या आवाजात जोडलं.

बाळ खुर्चीतून उठला होता. रागावेल, असं डॉक्टरांना वाटलं. रागावावं, असंही वाटलं.

"म्हणजे होतं?" बाळ म्हणाला.

"होतं."

"गोल?"

"गोल."

"मुळाशी? डावीकडे?"

"हो, बाळासाहेब. डावीकडेच."

"म्हणजे मला नीट दिसलं होतं," बाळ म्हणाला. हे तो डॉक्टरांना म्हणाला नाही. आधी बाईंना म्हणाला, मग ताईंना म्हणाला, आणि एकदा नुसताच म्हणाला, डुगडुगत्या पंख्याकडे बघत. ताई दुसरीकडे तोंड करून पदराशी काहीतरी करत होत्या. डॉक्टरांना कुणीच काही बोललं नाही. त्यापेक्षा त्यांनी तिथल्या तिथे भूल न देता स्वतःची अक्कलदाढ काढून घेतली असती.

बाईंनी दात ठेवून घेतला. भोकाच्या आत बघायची यंत्रं असलेले लोक त्यांच्या ओळखीत होते, त्यांच्याकडे पाठवून पाहू म्हणाल्या. कार्डावर त्यांनी दात ज्याला सापडला त्याचं नाव लिहिलं, बाळने ते दोनदा वाचलं. मग त्याच्या खालच्या ओळीत त्यांनी 'अलीकडील डागडुजी' असं लिहिलं आणि लेखणी थांबवून डॉक्टरांना त्यांचंही नाव विचारलं. डॉक्टरांनी ते सांगितलं. बाईंना नीट ऐकू आलं नाही, म्हणून परत सांगितलं, मोठ्याने.

परतीच्या वाटेवर बाळ मागे बसून बाहेर बघत होता, मांडीवरचे हात आता रिकामे. डॉक्टर मनात माफी जुळवत होते. सुरुवातीला ती दोन शब्दांची होती, पण दोन शब्दांत मावण्यासारखा हा गुन्हा नाही असं वाटून ती वाढत गेली. घाट संपेपर्यंत तिला आरंभ, मध्य आणि शेवट आला. दुसरं भोक पुढे आलंच, तर त्याला हात न लावायची शपथ तिच्यात होती. माणसाच्या हातांना त्याच्यापेक्षा जास्त सवयी असतात, हा विचारही होता. शेवटी संग्रहालयातला तो मधला वेळ होता, जेव्हा ते गप्प बसले, आणि तो सांगणं सगळ्यांत अवघड होतं.

त्यांनी घसा साफ केला. आरशात बाळकडे बघितलं. स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली.

"बाळासाहेब," ते म्हणाले, "माणूस जन्मभर एकच काम करत राहिला, की एक दिवस असा येतो..."

बाळ पुढे वाकला आणि त्याने डॉक्टरांच्या सीटवर हात ठेवला.

"भावोजी, ते बोला सावकाश, मी ऐकतो," तो म्हणाला. "पण आधी कुठे बाथरूम दिसलं तर गाडी जरा बाजूला घ्या."