पान सातशे चौदा

मित्रांनो, मला उचलायचे असेल तर दोन्ही हातांनी उचला, कारण माझी शिवण उसवली आहे. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. विक्रोळीच्या एका चाळीतल्या वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलावर माझे आयुष्य गेले. आता फार थकलो आहे. बोलतानाही दम लागतो, तेव्हा मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म गिरगावातल्या छापखान्यातला. लाल कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे. वाचनालय उघडले त्या दिवशी मला हार घातला होता! पुढे वीस वर्षे लोक माझ्याकडे अर्थ विचारायला येत. कोणी नोकरीचे पत्र आणी, कोणी औषधाच्या बाटलीवरचा कागद. इंग्रजी शब्द डावीकडे, मराठी अर्थ उजवीकडे. समजले की माणूस माझ्यावरून हात फिरवून जाई. ग्रंथपाल जयवंत दर शनिवारी मला फडक्याने पुसत.

मग १९८४ साली एका साप्ताहिकाने स्पर्धा सुरू केली. दर आठवड्याला चार इंग्रजी अक्षरे छापायची आणि ती सगळी ज्याच्या पोटात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द वाचकांनी धाडायचा. शेवटच्या फेरीचे बक्षीस होते शिलाई मशीन. झाले, अख्खी चाळ माझ्यावर तुटून पडली. माझी मांडणी पहिल्या अक्षरावर. पोटातली अक्षरे शोधायची म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक शब्द चाळणे आले. दिवसातून पाच-सहा जण मला असे पार पिंजून काढत. थुंकी लावलेल्या बोटांनी माझे कोपरे काळे पडले.

त्या सगळ्यांत चिकाटीचे होते दत्ताराम. संपात त्यांची गिरणीतली नोकरी गेली होती. तिथे ते कापडाच्या गाठींवर शिक्के मारत, म्हणून इंग्रजी अक्षरे तेवढी ओळखीची. भाषा येत नव्हती. त्यांची बायको प्रेमा चार घरची धुणीभांडी करायची. तिचा हात शिवणात चांगला होता. मशीन मिळाले तर ती घरी बसून ब्लाउज शिवणार होती. दत्तारामांना त्या मशीनशिवाय दुसरे काही दिसत नव्हते.

सगळेच एकमेकांच्या वहीत डोकावत, म्हणून कोणी सापडलेला शब्द लिहून ठेवत नसे. बसच्या तिकिटामागे फक्त पानाचा आकडा लिहायचा आणि शेवटच्या दिवशी येऊन शब्द उतरवून घ्यायचा, अशी रीतच पडली. आणि सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्याला शब्द मिळू नये म्हणून पानेही फाटू लागली. फाडल्याचा आवाज लपवायला माणसे मोठ्याने खोकत.

"काय रे, सगळ्यांना एकदम खोकला कसा झाला?" जयवंत विचारायचे.

दत्तारामसुद्धा एकदा खोकले होते. मला ते फार लागले. त्यांच्याकडून मी अशी अपेक्षा केली नव्हती.

शेवटच्या फेरीत त्यांना अठरा अक्षरांचा शब्द सापडला. त्यांनी तो बोटाने तीनदा मोजला, तिकिटामागे ७१४ लिहिले आणि मला इतक्या हळुवारपणे मिटले की मी मागचे सगळे विसरलो. रविवारी सहापर्यंत पाकीट साप्ताहिकाच्या पेटीत पडायला हवे होते. पाच वाजता ते आले, तेव्हा प्रेमाही बरोबर होती. तिला तो शब्द बघायचा होता.

त्यांनी मला उघडले. सातशे बारा. पुढे एकदम सातशे पंधरा.

दत्ताराम ओरडले नाहीत. कोणत्या तोंडाने ओरडणार? नुसते त्या फाटक्या कडेवर बोट ठेवून उभे राहिले. पान नेणाऱ्याला हाच शब्द हवा होता की मागच्या बाजूचा दुसरा एखादा, ते मला माहीत नाही.

जयवंत उठून आले. "शाळेत दुसरा कोश आहे, पण आज रविवार. टाळं असणार. दत्ताराम, आठव ना. कशाबद्दल होता शब्द?"

"लांब होता. अठरा अक्षरं. मधी दोन एस होते."

"अरे, पण अर्थ काय होता? अर्थ आठवला तर काहीतरी काढू शोधून."

दत्ताराम बोटांवर पुन्हा अक्षरे मोजू लागले. तेव्हा प्रेमाने विचारले, "बाजूक मराठीत लिवलेलां आसता ना? तां तरी वाचलंस?"

"वाचूक वेळ खंय होतो? मी अक्षरां मोजलंय."

प्रेमा खुर्ची ओढून बसली आणि समोर उघड्या असलेल्या पानावरचे मराठी अर्थ सावकाश, ओठ हलवत वाचू लागली. किती महिन्यांनी कोणी माझे मराठी वाचत होते! मला रडू आले, पण कागदाला रडता येत नाही. सहा वाजले तरी दोघे तिथेच होते.

मशीन कल्याणच्या कोणा गृहस्थांना मिळाले. सोमवारी सकाळी प्रेमा नेहमीसारखी कामाला गेली.

मित्रांनो, पुस्तकाचे पान फाडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी आणखी थोडे मागतो. शब्द सापडला की क्षणभर थांबा आणि त्याच्या उजवीकडची ओळ वाचा. अर्थ कळलेला शब्द पान गेले तरी माणसाजवळ राहतो.

तो अठरा अक्षरांचा शब्द कोणता होता, असे तुम्ही मला विचाराल. दत्तारामही नंतर बरेच दिवस येऊन माझ्यात तो शोधत राहिले. कसे सांगू त्यांना? पान गेले तेव्हा तो माझ्यातूनही गेला. मलाही तो आठवत नाही.