कंपनीचा वकील

सिकंदर लॉ कॉलेजात गेला तो गरिबांसाठी भांडायलाच. त्याचे वडील मौलाली शिवाजी पेठेत शिंपीकाम करत. दुकानात येणाऱ्या गिरणीकामगारांची गाऱ्हाणी ऐकतच तो मोठा झाला होता. पहिल्याच वर्षी त्यानं मित्रांसमोर छातीवर हात मारून सांगितलं, "गरिबाची केस फुकट लढणार!" आणखी दहाजणांनी त्याच्या टाळीवर टाळी दिली.

पुढं कुणी त्यांना अडवलं नाही. फक्त कामगार कायद्याचा तास भल्या सकाळी असे, तोही मास्तर आले तर. कंपनी कायदा मात्र देशिंगकर सर शिकवत, आणि तिथं बसायला बाक पुरत नसत. सराव-खटल्यात सर हुशार पोरांना हटकून मालकाची बाजू देत. सिकंदरनं पाचही खटले जिंकले. सरांची पाठीवरची थाप त्याला आवडायला लागली. चौऱ्याहत्तर साली निकाल लागला, तेव्हा अकरातले नऊजण कंपन्यांच्या वाटेला लागले होते. सिकंदर शाहूपुरीतल्या एका तंबाखू कंपनीत चिकटला. आई जुलेखानं गल्लीभर पेढे वाटले.

तिसऱ्याच महिन्यात साहेबांनी त्याला कागलला धाडलं. कंपनीच्या वखारीतून काढलेल्या सहा बायकांकडून, आपणहून काम सोडलं असं लिहिलेल्या राजीनाम्यावर अंगठे घ्यायचे होते. बायका त्यांच्यातल्याच धोंडुबाईच्या सोप्यात जमल्या.

"या पावणं, आदी च्या घ्या," धोंडुबाई म्हणाली.

"मावशी, अंगठा दिला की भानगड मिटली."

"व्हय की. पर आमाला काढलं कशापायी, त्ये कुठं लिवलंय?"

सिकंदरनं कागद उलटेपालटे केले. कुठंच नव्हतं. "नोटीस तरी दिलती का?"

"न्हाय बा. दारातच अडिवलं."

"मग ही केस तुम्हीच जिंकताय की!" तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

बायका खो-खो हसल्या. "ह्यो वकील कुणाचा म्हनायचा गं?"

सिकंदरचे कान तापले. मग त्यालाही हसू फुटलं.

परत येऊन त्यानं साहेबांना तोंडावर सांगितलं, "कोर्टात आपण आपटणार. बायकांना परत घ्या." साहेब खवळले, पण त्यांनी फाईल दोनदा वाचली आणि बायकांना परत घ्यायचा हुकूम काढला. सोमवारी सहाही जणी कामावर गेल्या. साहेबांनी सिकंदरला बोलावून शाबासकी दिली, "कंपनीची अब्रू राखलीस!"

घरी आल्यावर तो वडिलांना म्हणाला, "अब्बा, मी हे कंपनीसाठी केलंच न्हाय."

मौलालींनी कापडावरून नजरही काढली नाही. "बायका कामाला लागल्या न्हवं? मग जेव की गप."

सिकंदर दोन भाकऱ्या जास्तच जेवला.