बीजदर्शीच्या दोन पेट्या

रविवारी सकाळी नऊ वाजता त्या बंद पडलेल्या छापखान्याच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नसायची. तळमजल्यापासून वरच्या हॉलपर्यंत माणसंच माणसं, आणि निम्म्यांच्या हातात प्लास्टिकचे डबे. डब्यात ओलसर भुसा आणि भुशात पालीची अंडी. घरातल्या भिंतीवर साधी पाल दिसली की पलंगावर चढून किंचाळणारी ही माणसं ते डबे पोटच्या लेकरासारखे छातीशी धरून तासन्‌तास उभी राहायची.

वर पांढऱ्या गादीवर बीजदर्शी महाराज बसलेले. डबा पुढे आला की ते एक अंडं अलगद तळव्यावर घ्यायचे, डोळे मिटायचे, नाकाने लांब श्वास ओढायचे आणि विचारायचे, "काय हवं? कन्या की पुत्र?"

"मादी द्या महाराज. दोन नर झालेत, एकमेकांना फाडून खातात."

"चंद्राला सांगतो." अंड्यावर एक फुंकर. "जा, कन्या दिली."

आणि कन्याच यायची! हीच तर गंमत होती. ठिपक्यांच्या पाळीव पाली, ज्यांना लेपर्ड गेको म्हणतात, त्यांचं पिल्लू नर की मादी हे जन्मल्यावरसुद्धा काही महिने कळत नाही. महाराज मात्र अंडं घातल्याच्या दिवशीच सांगायचे, आणि दहातली नऊ वेळा खरं निघायचं. दहाव्या वेळी मालकाच्या मनात पाप असायचं.

महाराजांचे नियमही कडक. अंडं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी आणायचं. महिनाभराचं अंडं घेऊन कोणी आलं की ते तोंड फिरवायचे, "बीज मिटलं, आता देवाच्याही हातात नाही." आशीर्वादानंतर अंडं त्यांच्याकडेच ठेवायचं, पडद्यामागच्या 'गर्भगृहात'. तिथे दोन पेट्या, एक सूर्यपेटी, एक चंद्रपेटी. सूर्यपेटीतली पिल्लं सहासात आठवड्यांत बाहेर यायची, चंद्रपेटीतली दोन महिने उलटले तरी आतच. "पुत्राला जगात यायची घाई," महाराज हसून म्हणायचे, "कन्या सजून-धजून येते." यावर हॉलमध्ये हशा आणि माना डोलावणं.

मी फ्रिज आणि कूलर दुरुस्त करतो. या माणसाला मी फार आधीपासून ओळखतो. पालींना खायला लागणारी झुरळं आणि अळ्या तो डब्यांतून दुकानोदुकानी विकायचा. तेव्हा त्याला सगळे किडेवाला म्हणायचे. मग एक दिवस त्याने दाढी वाढवली आणि लोकांनी आपली अक्कल कापून टाकली.

या भानगडीत माझं घर ओढलं गेलं ते माझ्या धाकट्या बहिणीमुळे. ती घरी बसून पडदे शिवते. मशीनशेजारच्या काचेच्या टाकीत तिने या पालींची एक जोडी पाळली होती. मादीचं नाव ठिपकी. मागच्या वर्षी ठिपकीने पहिल्यांदा अंडी घातली तेव्हा बहिणीने कामं सोडून मला बोलावून घेतलं. "दादा, ऊब धरणारी एक पेटी करून दे ना. हिला अंडी उबवता येत नाहीत, घालते आणि विसरून जाते."

मी जाड थर्मोकोलच्या खोक्याला गरम होणारी वायर आणि थर्मोस्टॅट बसवून दिला. बाकी सगळं तिने शिकून घेतलं. अंडं उचलताना उलटं-सुलटं होऊ द्यायचं नाही, म्हणून तिने वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक ठिपका काढला. भुसा मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण थेंब पडू नये, इतकाच ओला. पण अंडी चारच दिवसांत पिवळी पडली, चेपली आणि त्यांच्यावर बुरशी आली. तरुण मादीची पहिली अंडी पुष्कळदा अशी रिकामीच असतात. तिला ते ठाऊक नव्हतं. सहा दिवस ती तो डबा फेकायलाही तयार नव्हती.

"माझ्या हातालाच गुण नाही," ती म्हणाली.

"तुझा हात कशाला, महाराजांचा हात लागायला हवा होता," तिच्या सासूबाई म्हणाल्या. पुढची दोन अंडी त्या स्वतः हॉलवर घेऊन गेल्या. कन्या मागितल्या, दोन्ही कन्या आल्या. बहीण महाराजांच्या पाया पडून आली. मी तेव्हा हसलो आणि गप्प बसलो. पालीच्या अंड्यावरून घरात भांडण कशाला, असं वाटलं मला. तो माझा मूर्खपणा.

कारण सासूबाई तिथे थांबल्या नाहीत. बहिणीची नणंद त्याच सुमाराला बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पाचवा महिना. आधीच्या दोन मुली, आणि सासरचे लोक तोंडावर काही न बोलता बरंच काही बोलून दाखवणारे. सासूबाईंनी महाराजांना विचारलं, "पालीला देता, तर माझ्या लेकीला नाही का देता येणार पुत्र?"

खरा साधू असता तर त्याने कानाला हात लावला असता. याने डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. "सूर्यसाधना करावी लागेल. रोज तीन तास, बंद खोलीत, सूर्याच्या उबेत. एकवीस दिवस."

सूर्याची ऊब म्हणजे हॉलशेजारच्या खोलीत लावलेले चार हीटर. खिडकीला ब्लँकेट ठोकलेलं. आत नणंदेसारख्याच आणखी तीन पोटुशा बायका. बाहेर त्यांच्या सासवा आणि आया पंख्याखाली बसून एकमेकींना नातवांची नावं सुचवत.

बहिणीने मला फोन केला. "दादा, वन्सं घरी येतात तेव्हा चेहरा लालबुंद असतो. पाणी पाणी करतात. मला भीती वाटते. पण माझ्या पिल्लांचं तर खरं झालं होतं ना रे?"

'थोतांड आहे' एवढं म्हणून भागत नाही. दहातली नऊ खरी का निघतात, हे सांगता आलं पाहिजे.

उत्तर महाराजांनीच आणून दिलं. चंद्रपेटी बिघडली. आमच्या बाजारात लहान कूलिंगचं काम करणारा मी एकटाच, तेव्हा बोलावणं मलाच आलं. पडद्यामागे गेलो. सूर्यपेटी म्हणजे आत हीटर बसवलेलं लाकडी कपाट, वर पिवळा सूर्य रंगवलेला. चंद्रपेटी म्हणजे एक जुना छोटा फ्रिज, दारावर चांदीची चंद्रकोर चिकटवलेली. दोन्हींना बाहेरून महागातले थर्मोस्टॅट. सूर्याचा आकडा साडेबत्तीस, चंद्राचा साडेसव्वीस.

"अर्धा अंशसुद्धा वर जाता कामा नये," महाराज माझ्या डोक्यावर उभे. "काल एकोणतीसवर गेलं होतं. माझा जीव खाली-वर झाला."

"आशीर्वाद दिलाय ना महाराज? मग अर्ध्या अंशाने काय होतंय?"

"यंत्र हे मंत्राचं शरीर आहे," ते म्हणाले. "तुला नाही कळायचं. तू स्क्रू पिळ."

मी स्क्रू पिळले. पण तिथून निघालो तो थेट डॉक्टरीणबाईंकडे. बाई जनावरांच्या डॉक्टर, त्यांचा लशींचा फ्रिज मीच सांभाळतो. दोन पेट्यांचे दोन आकडे आणि त्या सूर्यसाधनेचं सांगितलं तेव्हा त्या एका मांजराच्या पंजाला पट्टी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साडेसव्वीसला माद्या, साडेबत्तीसला नर. बरोबर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"या पालींच्या अंड्यात नर-मादी आधीपासून ठरलेले नसतात. पहिल्या काही आठवड्यांत अंड्याला किती ऊब मिळते त्यावर ते ठरतं. गारव्यात बहुतेक माद्या, उबेत बहुतेक नर. उबेतली पिल्लं वाढतातही लवकर, म्हणून आधी बाहेर येतात. शंभरात दहा चुकतातच."

"म्हणून महिन्याचं अंडं घेत नाही तो!"

"तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. घेऊन करणार काय?"

"मग हे लोकांना माहीत कसं नाही?"

"पाली पाळण्याच्या कुठल्याही पुस्तकात आहे. पण पुस्तक वाचावं लागतं. महाराजांपुढे नुसतं बसलं की झालं." मग त्यांनी पट्टीची गाठ मारली आणि प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "गरोदर बाईला हीटरसमोर बसवलंय म्हणालात? किती दिवस झाले?"

"आज चौथा."

"आजच बंद करा ते. बाळाला धोका आहे, आईलाही."

मी बहिणीच्या घरी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. नणंद जमिनीवर आडवी, ओठ कोरडे ठाक. साधनेतून उठून महाराजांच्या पाया पडायला वाकली आणि चक्कर येऊन तिथेच पडली होती. दोन बायकांनी तिला रिक्षात घालून घरी आणलं. महाराजांचा निरोप सोबत होता, "सूर्याने स्वीकार केला, शुभलक्षण आहे." आम्ही तिला तसंच दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं. डॉक्टरांनी बाळाचे ठोके तपासले. ठोके ठीक होते. सासूबाई कोपऱ्यात उभ्या राहून पदर चावत होत्या.

बाहेरच्या बाकावर मी बहिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ती पिल्लं तुझ्या पेटीतही झाली असती."

"झाली असती. आकडा ठाऊक असता तर हवं तर नर, हवं तर माद्या."

"आणि मी पाया पडले त्या माणसाच्या. माझं पाहूनच सासूबाईंनी वन्संना तिथे नेलं, दादा."

शनिवारी ठिपकीने पुन्हा दोन अंडी घातली. रविवारी बहीण डबा घेऊन रांगेत उभी राहिली. मागे मी, डॉक्टरीणबाई आणि सासूबाई. सासूबाईंना कोणी बोलावलं नव्हतं, त्या आपणहून आल्या.

"काय हवं?" महाराज.

"दोन्ही माद्या," बहीण म्हणाली.

श्वास, फुंकर, चंद्राला निरोप. "जा, कन्या दिल्या." शिष्य डबा घेऊन पडद्याकडे वळला.

"थांबा. आशीर्वाद लागला ना महाराज?"

"शब्द गेला तो गेला."

"मग आता हा डबा सूर्यपेटीत ठेवा."

महाराजांची फुंकर अर्ध्यात अडकली. "कन्या चंद्राची असते."

"तुम्ही दिलेली आहे ना? मग पेटीने काय फरक पडतो?"

"सूर्याचा कोप होईल!"

"कोप नाही होणार, नर होतील," मी म्हणालो आणि पडदा ओढला. "या बघा मंडळी, तुमचा सूर्य आणि तुमचा चंद्र. सूर्य साडेबत्तीसवर चालतो, चंद्र साडेसव्वीसवर. मंगळवारी चंद्राचा कॉम्प्रेसर बसला होता, तो मी दुरुस्त केला. आकाशातल्या चंद्राला मेकॅनिक लागत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पुढे येऊन तापमानाची सगळी गोष्ट सांगितली. साध्या शब्दांत, दोन मिनिटांत. मला वाटलं, लोकांच्या डोक्यात उजेड पडला. तेवढ्यात मागून एका सद्‌गृहस्थाने हात वर केला.

"मग डॉक्टर, मुलगा हवा असेल तर माणसाला किती डिग्रीवर ठेवायचं?"

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. त्या दिवशी त्या हॉलमध्ये खऱ्या ध्यानासाठी मिटलेले ते एकटेच डोळे असावेत. "माणूस म्हणजे पालीचं अंडं नव्हे हो! माणसात मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं, आणि ठरतं ते बापाकडून आलेल्या पेशीवर. त्यानंतर आईला भाजा, गोठवा, उलटी टांगा, काही बदलत नाही. फक्त ती मरू शकते."

सासूबाई गादीपर्यंत गेल्या. "माझ्या लेकीला चार दिवस भाजलंत ते कशासाठी?"

"श्रद्धा कमी पडली, माई."

"कमी? अहो, चक्कर येऊन पडली तीसुद्धा तुमच्याच पायावर!"

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी हसलं. शेजारच्या खोलीतून तीन बायका घामाने निथळत बाहेर आल्या आणि हसणं बंद झालं. लोकांनी आपापले डबे शोधायला सुरुवात केली. डबा सापडला की जो तो खाली मान घालून जिना उतरू लागला. गंडवले गेलो याच्यापेक्षा आपण तिथे दिसलो, याचीच बहुतेकांना जास्त लाज वाटत होती.

महाराजांनी आठवड्याभरात हॉल सोडला. ते दुसऱ्या कुठल्याशा गावात पाण्याला 'जिवंत' करून देतात असं ऐकतो. तिथेही जिन्यात रांग असणारच.

बहिणीने ती दोन अंडी घरच्या पेटीत साडेबत्तीसवर ठेवली. आठवड्याने टॉर्च लावून पाहिलं तर आत गुलाबी कडं आणि केसाएवढ्या शिरा. तिने मला हाक मारली ती ऐकून अख्खी गल्ली दचकली असेल. त्रेचाळिसाव्या दिवशी दोन्ही पिल्लं बाहेर आली. पुढे डॉक्टरीणबाईंनी भिंगाखाली पाहून सांगितलं, दोन्ही नर. महाराजांनी दिलेल्या कन्या.

नणंदेला दिवस भरल्यावर बाळ झालं. तीन किलोला थोडं कमी, रडणं खणखणीत. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच विचारायचा, "काय झालं?" मी सांगायचो, "बाळ झालं." ते पुन्हा विचारायचे. मी पुन्हा तेच सांगायचो. तुम्हालाही वाचता वाचता तोच प्रश्न पडला असेल तर तो एकदा स्वतःलाच विचारून पाहा. बीजदर्शी त्या प्रश्नावरच जगला. फुंकर त्याची होती, पण ऊब आपण पुरवली. कोणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करायच्या आधी पडदा ओढा आणि आकडा वाचा. आणि मुलगी नको म्हणून कोणी रांगेत उभा असेल, तर त्याला तिथेच विचारा, का नको?