पिवळी खूण

सिंगापूरच्या बिशान वस्तीत सकाळचा उजेड घाई करत नाही. सातच्या सुमारास समोरच्या ब्लॉकच्या सर्वांत वरच्या खिडक्या नुसत्या फिकट होतात. त्या उजळल्या असे म्हणावे इतकेही काही घडलेले नसते. मग बांबूच्या काठ्यांवर वाळत घातलेले शाळेचे पांढरे सदरे एकेक करून अंधारातून बाहेर येतात, आणि त्यांच्याखाली कुणाची तरी निळी लुंगी. उजेड मजला मजला उतरतो. लांब कॉरिडॉरमध्ये शिरून तो दारांबाहेरच्या चपलांवर थबकतो, अकराव्या मजल्यावरच्या आजींच्या कढीपत्त्याच्या कुंडीवर रेंगाळतो, सायकलच्या एका चाकातून आरपार जातो. खाली पोचेपर्यंत त्याचा पिवळेपणा विरून गेलेला असतो. इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकच्या सिमेंटवर, जिथे म्हातारे चिनी गृहस्थ हात हळूहळू हवेत फिरवत व्यायाम करतात, तिथे तो अगदी साधा, दुधात पाणी घातल्यासारखा उजेड होऊन पसरतो.

अनिमेषला तो उजेड रोज भेटत असे, कारण रोज त्या वेळी तो रस्ता ओलांडून सिन मिंग भागातल्या वर्कशॉपकडे निघालेला असे. तांजोंग पगारच्या ऑफिसात साडेनऊला पोचायचे. तोवरचे दीड-दोन तास त्याचे स्वतःचे होते. गॅरेजांच्या त्या चार मजली इमारतीत वर्कशॉपचे म्हातारे मालक टे अंकल यांचे शटर तिसऱ्या मजल्यावर होते. शटर वर ढकलले की उजेड त्याच्याआधी आत जाई आणि तेलकट फरशीवरून सरकत स्टँडवर चढवलेल्या इंजिनपाशी थांबे.

गेल्या एकोणीस दिवसांत त्या उजेडाची त्याला भीती वाटू लागली होती. तशीच ओढही.

इंजिन एका जुन्या जपानी गाडीचे होते. एका रांगेत सहा सिलिंडर. अनिमेष आणि सौमित्र या दोघांनी ते भंगारातून उचलून चार वर्षे हातांनी बांधले होते. असली गाडी सिंगापूरच्या रस्त्यावर आणायला परवानगी मिळणे शक्यच नव्हते, म्हणून सांगाडा समुद्रापलीकडे मलेशियात, जोहोरला एका शेडमध्ये असे आणि इंजिन इथे. शर्यतीच्या आदल्या शनिवारी लॉरी यायची, कागदपत्रांसह इंजिन पलीकडे जायचे, रविवारी सकाळी गाडी चारशे मीटरच्या सरळ पट्टीवर उभी राहायची. दिवे हिरवे झाले की जेमतेम दहा-अकरा सेकंद. तेवढ्यासाठी वर्षभराचे शनिवार-रविवार. गाडी सौमित्र चालवायचा. अनिमेषला गर्दीत उभे राहायचाही संकोच वाटे. तो कुंपणाशी थांबून नुसता आवाज ऐके.

त्या दोघांचा एक नियम होता. बोल्ट आवळायचा तो अनिमेषने, टॉर्क रेंचने, ठरलेला जोर लागून टक् असा आवाज येईपर्यंत. आणि मग पांढऱ्या पेंट मार्करने बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट पुढे कधी हलला तर रेघ तुटलेली दिसे. त्यानंतर सौमित्रने तोच बोल्ट पुन्हा रेंच लावून तपासायचा आणि शेजारी पिवळी रेघ ओढायची. ज्याने आवळले त्याने तपासायचे नाही. “माणूस स्वतःचीच चूक वाचू शकत नाही रे,” सौमित्र म्हणे, “डोळे जातात आणि बरोबर वाचून परत येतात.” पिवळ्या रेघेशिवाय इंजिन लॉरीत चढत नसे.

सौमित्रला जाऊन चौदा महिने झाले होते. पट्टीवर, दुसऱ्या धावेत, इंजिनच्या मागची फ्लायव्हीलची जड तबकडी सुटली आणि फुटली, आणि तिचे तुकडे पायांखालचा पत्रा फाडून आत आले. तपासणाऱ्यांनी लिहिले की कारण निश्चित सांगता येत नाही. धातूत जुनी भेग असावी. बोल्टांपैकी काही सापडलेच नाहीत. विचारणाऱ्या प्रत्येकाला अनिमेषने एकच सांगितले होते. आठही बोल्टांवर दोन्ही खुणा होत्या. सौमित्र अंगात ताप असताना शनिवारी दुपारी आला होता आणि त्याने आठही तपासले होते.

आणि आता, एकोणीस दिवसांपासून, त्याने संध्याकाळी आवळलेल्या बोल्टांवर सकाळी पिवळ्या रेघा असत.

पहिल्या दिवशी त्याला वाटले, अंकलने केल्या. अंकलने दोन्ही हात वर केले. या वर्षी डोळे अधू झाल्यापासून ते बारीक कामाला हात लावत नसत. शटरच्या किल्ल्या दोनच होत्या, एक त्यांच्याकडे आणि एक अनिमेषकडे. पिवळा मार्कर वर्कशॉपमध्ये नव्हताच. रेघा सौमित्रच्याच होत्या यात मात्र शंका नव्हती: सुरुवातीला जाड, शेवटी डावीकडे किंचित वळलेल्या, डावखुऱ्या माणसाच्या.

अंकलने भिंतीवरच्या लाल देव्हाऱ्यासमोर दोन संत्री ठेवली, उदबत्ती लावली आणि खुर्चीत बसून चहा ओतून घेतला.

“युवर फ्रेंड कम बॅक, यू डोन्ट आस्क हिम एनिथिंग, हां,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “वन्स यू आस्क, ही मस्ट आन्सर.”

अनिमेषने विचारले नाही. तो संध्याकाळी आवळत गेला आणि सकाळी पिवळ्या रेघांवरून बोट फिरवत गेला. रंग कधीकधी ओला असे. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्याला नीट झोप लागू लागली होती. आपल्यावर सौमित्रचा राग नाही, एवढाच त्या रेघांचा अर्थ त्याने लावला होता आणि त्यापलीकडे पाहायचे नाही असे ठरवले होते.

या वेळी गाडी क्षिप्रा चालवणार होती.

ती सौमित्रची धाकटी बहीण. शहराच्या पूर्व टोकाला, पासिर रिसला दोघे एकाच फ्लॅटमध्ये राहत. आता ती तिथे एकटी होती. बँकेत नोकरी, उंची जेमतेम पाच फूट, आणि तोंड असे की तिच्यापुढे अनिमेषची उरलीसुरली वाक्येही आटून जात. दादाची गाडी गंजू द्यायची नाही, असे तिने एके दिवशी फोनवर जाहीर केले आणि सहा महिने जोहोरला जाऊन उसन्या गाडीवर सराव केला. पुण्यात आईला सांगितले होते की ऑफिसच्या ट्रेनिंगला जाते.

त्या शनिवारी ती आठ वाजताच वर्कशॉपला आली. हातात हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत आणलेली कॉफी, पिशवीला बांधलेली दोरी बोटात अडकवलेली.

“काय रे, इंजिन बांधतोयस की सत्यनारायण घातलायस?” उदबत्तीचा वास घेत ती म्हणाली. “अंकल, गुड मॉर्निंग! धिस फेलो इटिंग ऑर नॉट?”

“ईट व्हॉट,” अंकल म्हणाले. “ओन्ली लुक, लुक, लुक.”

अनिमेष हसला नाही. तो इंजिनच्या मागच्या बाजूला उकिडवा बसला होता. काल संध्याकाळी त्याने फ्लायव्हील बसवली होती, नवी कोरी तबकडी, नवे आठ बोल्ट. एक वाजता लॉरी येणार होती. त्याआधी तबकडीवर गिअरबॉक्स चढायचा; तो चढला की हे आठ बोल्ट पुन्हा कुणाला दिसणार नव्हते.

“अनिमेष?”

त्याने नुसते बोट दाखवले. शटरखालून आलेला उजेड आता तबकडीवर चढला होता आणि घासलेल्या पोलादात साखळल्यासारखा झाला होता. वर्तुळात आठ बोल्ट. आठांवर पांढऱ्या रेघा. सातांवर पिवळ्या.

क्षिप्रा त्याच्या शेजारी बसली. पिवळ्या खुणांबद्दल त्याने तिला आठवड्यापूर्वी सांगितले होते. ती हसली नव्हती. फक्त म्हणाली होती की तूच करत असशील, तुला कळत नसेल, आणि मला त्याचं काही वाटत नाही. आता तिने एका रेघेला नख लावून पाहिले. नखाला पिवळे लागले.

“डावखुरी आहे,” ती म्हणाली. मग त्याच्या हाताकडे पाहत म्हणाली, “तुला डाव्या हाताने चमचासुद्धा धरता येत नाही.”

“नाही.”

“मग आठव्यावर का नाही?”

वर्कशॉपमध्ये एकाएकी गार झाले होते, पंखा बंद असताना. अंकलने कप खाली ठेवला आणि देव्हाऱ्याकडे तोंड करून बसले. इकडे बघायचे नाही असे त्यांनी ठरवलेले दिसत होते.

“राहिला असेल,” अनिमेष म्हणाला.

“राहिला असेल? दादाकडून?” क्षिप्राचा आवाज चढला. “मांजराला औषध द्यायचं तर वहीत लिहून ठेवायचा तो माणूस. रेंच दे.”

“मी आवळलाय तो. आठ वेळा टक् ऐकलंय मी. मोजलंय.”

“तू आवळलायस म्हणूनच तू तपासायचा नाहीस. नियम तुमचाच ना? दे इकडे.”

त्याने रेंच दिला. तिने तो आठव्या बोल्टवर बसवला, दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. टक् व्हायला हवे होते, जागच्या जागी, लगेच. झाले नाही. बोल्ट फिरला. सहज, कसलाही विरोध न करता, जवळजवळ पाव वळसा फिरला, आणि त्याच्या डोक्यावरची पांढरी रेघ खालच्या रेघेपासून तुटून बाजूला गेली. मग कुठे टक् वाजले.

दोघेही त्या तुटलेल्या रेघेकडे पाहत राहिले.

अनिमेषला काल संध्याकाळचे सगळे आठवत होते. समोरासमोरचे बोल्ट जोडीने घेतले होते, सहाव्यानंतर ऑफिसचा फोन आला होता, तो बोलत बोलत परत येऊन बसला होता. आठ टक् त्याने ऐकले होते. ते आजही कानात होते, आठच्या आठ. त्यांतला एक वाजलाच नव्हता.

क्षिप्रा फरशीवर मागे सरकून बसली. तिच्या कपाळावर घाम होता.

“उद्या मी त्याच्यावर बसणार होते,” ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. मग तिने त्या रिकाम्या बोल्टकडे पाहून मान किंचित झुकवली, घरात थोरल्या माणसाने काही सांगितले की झुकवतात तशी. “थँक यू, दादा.”

आणि मग, अनिमेषला ज्याची भीती होती ते तिच्या चेहऱ्यावर येताना त्याला दिसले. कोडे सुटल्याचा आनंद त्यात नव्हता. एखादी बेरीज जुळत नाही म्हणून माणूस परत वरच्या आकड्यापासून सुरू करतो, तसे काहीतरी.

“त्याच्याकडून सुटत नाही,” ती म्हणाली. “मेल्यावरही सुटत नाही. मग तेव्हा बोल्ट कसा सुटला?”

“भेग होती. लिहिलंय त्यांनी.”

“असावी, असं लिहिलंय. मी शंभर वेळा वाचलंय ते.” ती त्याच्याकडे वळली. “मी त्या शनिवारी हाँगकाँगला होते. सकाळी फोन केला तेव्हा त्याला एकशे तीन ताप होता. उठून पाणी प्यायलाही त्याला जमत नव्हतं. संध्याकाळी उतरला म्हणाला, उद्या जाणारच म्हणाला. पण दुपारी? पासिर रिसवरून इथे? आठ बोल्ट तपासायला?”

“आला होता.”

“कसा आला? टॅक्सीने?”

“हो. टॅक्सीने.”

“मला बोलला नाही.”

“विसरला असेल.”

“अनिमेष, माझ्याकडे बघ ना रे.”

त्याने पाहिले नाही. तो तबकडीकडे पाहत होता. सात पिवळ्या रेघांमधला रंग उजेडात अजून ओला दिसत होता, आणि त्या सातांकडे पाहता पाहता त्याला कळले की एकोणीस दिवस त्याने ज्याला माफी समजून उराशी धरले होते ती माफी नव्हती. सौमित्र फक्त आपले काम करत होता. हे काम कुणीतरी करायचे असते, आणि ते झाले नाही तर काय होते, एवढेच तो रोज सकाळी, रागावल्याशिवाय, रेघ ओढून सांगत होता.

“वन्स यू आस्क,” अंकल पाठमोरेच पुटपुटले.

खाली रॅम्पवर कुठल्यातरी गाडीने गिअर बदलला. अनिमेष उठला, आठव्या बोल्टवरची तुटलेली पांढरी रेघ कापडाने पुसू लागला, आणि मध्येच थांबला. तोंड उघडले तेव्हा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

“लॉरी तीन वाजता येणार होती,” तो म्हणाला. “कागदांवर त्याच दिवसाची तारीख होती. ती चुकली असती तर वर्ष गेलं असतं. त्याने फोन केला. म्हणाला, मला उठवत नाहीये, पिवळं झाल्याशिवाय पाठवू नकोस, अंकलना बघायला सांग.”

क्षिप्राने हातातला रेंच फरशीवर ठेवला.

“अंकल शनिवारी अकरालाच घरी जातात.”

“मग?”

“मी म्हटलं, झालं. अंकलनी बघितलं.”

तिने श्वास घेतला तो त्याला ऐकू आला. अंकल आता वळून बसले होते. मराठी त्यांना कळत नव्हते, पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

सौमित्र त्या शनिवारी वर्कशॉपला आलाच नव्हता. आठही पिवळ्या रेघा अनिमेषने स्वतः ओढल्या होत्या, एकाही बोल्टला रेंच न लावता.