भिंतीपलीकडच्या गोगलगायी

मला किळस फार लवकर येते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता, भांडी घासायचा महिनाभर वापरलेला काथ्या, दुधावरची साय बोटाने काढून चाटणारी माणसं, सगळ्याची. शिवणकाम करते मी. घामट काखेचा कपडा कुणी दुरुस्तीला आणला की तो आधी बादलीत जातो, मग मशिनीवर. पण गोगलगायीची येते तशी किळस मला जगात कशाचीच येत नाही. शी! ती चाल, तो चिकट ओघळ, आणि बोट लागलं की आत जाणारी ती शिंगं. नुसतं सांगतानाही अंगावर काटा येतोय.

यंदा त्यांनी परसात उच्छाद मांडला होता. कोथिंबिरीचा अख्खा वाफा एका रात्रीत फस्त. मग मी रोज सकाळी रबरी हातमोजे घालून, चिमट्याने एकेक उचलून डब्यात टाकायची, झाकण दाबून लावायची आणि डबा आमच्या ह्यांच्या हातात द्यायची. मिठाच्या पाण्यात टाकायचं काम ह्यांचं. मी एकदाच बघितलं होतं कसा फेस येतो ते, आणि त्या दिवशी जेवणावरची वासनाच उडाली. "तेवढं तुम्ही बघा हो," म्हटलं. हे टपालखात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं इकडून तिकडे केली, तर चार गोगलगायी काय जड आहेत? हे "बरं" म्हणाले. हे नेहमीच "बरं" म्हणतात.

आमच्या परसाला लागून बाईंचं परस, मध्ये कमरेएवढी भिंत. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, आता घरीच असतात. रविवारी सकाळी त्या भिंतीशी आमची बैठक भरते. बाई, मी आणि कोपऱ्यावरच्या घरातला वायरमन, ज्याची सगळी बाग फुटक्या बादल्यांत आहे. खत, मुंग्या, कुणाच्या घरी भांडी कोण घासतं, सगळे विषय होतात.

यंदा मात्र बाईंचा एकच विषय होता, घेवडा. त्यांच्या आईच्या हातचं बी. जांभळी शेंग, आत काळंभोर बी. असा घेवडा मी दुसरीकडे कुठे बघितलेला नाही. आई गेल्यापासून बाई दरवर्षी निम्मं बी लावायच्या आणि निम्मं ठेवायच्या. गेल्या वर्षी वेलांवर रोग पडला, शेंगा धरल्याच नाहीत, आणि डबीत उरल्या जुन्या सात बिया. अजून वर्षभर ठेवल्या तर उगवतील याचा भरवसा नाही, म्हणून बाईंनी छातीवर दगड ठेवून सातही लावल्या.

सातही उगवल्या! बाईंनी मला भिंतीवरून हाक मारली, हात धरून वाफ्यापाशी नेलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अगं, एवढीच आहेत बघ," म्हणाल्या. "ही गेली तर आईचं बी संपलं."

पुढच्या रविवारी सातातली पाच उरली होती. देठ कुरतडलेले आणि मातीवर तो चकाकता ओघळ.

"आमच्याकडे तर आता नावाला उरल्यात," मी तोऱ्यात म्हटलं. "अंड्यांची टरफलं चुरून पसरलीत मी. थांबा, तुम्हाला पण देते." आणि मोठ्या मनाने पिशवीभर टरफलं भिंतीवरून दिली.

वायरमनने डोकं खाजवलं. "कमाल आहे ताई. तुमच्याकडे कमी झाल्या त्याच आठवड्यात बाईंकडे वाढल्या. योगायोग म्हणायचा!"

"योगायोगच," मी म्हटलं.

"नाही, योगायोगाचं काही खरं नसतं हां. परवा मी टीव्ही लावून बसलो आणि नेमका फ्यूज गेला. म्हटलं, काय योगायोग! तर बायको हातात फ्यूज घेऊन उभी. म्हणे, आधी भांडी घासा, मग लावते."

मी पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. त्या वाफ्याकडेच बघत होत्या.

बुधवारी सकाळी डबा देऊन मी आत आले, तर चिमटा बाहेरच राहिलेला. परत गेले. आमचे हे भिंतीशी वाकून उभे होते. डबा उघडा. दोन बोटांत एकेक गोगलगाय धरून, कवच फुटू नये म्हणून हळूच, पलीकडच्या मातीवर ठेवत होते. लेकराला पाळण्यात ठेवावं इतक्या अलगद.

"अहो! हे काय चाललंय?"

हे दचकले. "मारवत नाही गं मला."

"म्हणून बाईंच्या परसात सोडता?"

"तिकडे गवत आहे. म्हटलं, गवत खातील."

"गवत? बाईंचा घेवडा खाल्ला मेल्यांनी! आता पाचाचीही तीनच रोपं राहिलीत बिचारीची! आणि तुम्ही रविवारी इथे झारी घेऊन मान खाली घालून फिरत होतात, जसं काही माहीतच नाही! गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते तुमच्यासारख्यालाच!"

हे म्हणाले, "तू तरी कुठे मारतेस? डबा माझ्या हातात देतेस नि पाठ फिरवतेस."

मला ह्यांची इतकी किळस आली की त्यांनी धरलेला डबासुद्धा हातात घेववेना. आणि स्वतःची आली ती वेगळीच. टरफलं देताना केवढा तो तोरा!

"आजपासून बंद करतो," हे म्हणाले. "बाईंना कशाला सांगायचं? उगाच संबंध बिघडतील."

मी सांगायला हवं होतं. तेव्हाच, त्याच पावली. पण कुठल्या तोंडाने सांगायचं, या विचारात मी दिवसभर मशीन चालवत बसले. एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली, उसवली, परत लावली. बाई दोनदा परसात येऊन गेल्या. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उठले आणि भिंत ओलांडली. चिमटा नाही, हातमोजे नाहीत. म्हटलं, निदान वेचून तरी काढू. वाफ्यात दोन रोपं आडवी झालेली, एक उभं होतं. त्याच्याभोवतीच्या गोगलगायी मी हातानेच ओढून काढायला लागले. थंड, बुळबुळीत, बोटांना चिकटणाऱ्या.

मागचं दार उघडलं. बाई.

"अगं, तू?" त्या जवळ आल्या. "आणि हातमोजे न घालता?" त्यांनी माझा तो चिकट हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "तुला किती किळस येते मला ठाऊक नाही का? माझ्या आईच्या बियांसाठी तू एवढं..."

त्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

"बाई, या आमच्याच आहेत," मी म्हटलं. "आमच्या ह्यांनी टाकल्या. रोज. मी वेचायची, आणि ते मारायच्या ऐवजी इकडे सोडायचे."

बाईंनी माझा हात सोडला. दोन्ही तळवे कपड्याला पुसले, एकदा, परत एकदा.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं. बारा वर्षं मला "अगं" म्हणणाऱ्या बाई.

"काल सकाळी."

"काल सकाळी तीन रोपं होती," बाई म्हणाल्या.

आवाज चढला नाही. त्या खाली वाकल्या. उभं होतं ते रोप धड आहे असं मला अंधुक उजेडात वाटलं होतं. बाईंनी बोटाने त्याला आधार दिला तेव्हा दिसलं. शेंडा नव्हता, पान नव्हतं. नुसता देठ होता.

"बाई, मी काय करू सांगा. मी..."

त्यांनी ऐकून घेतलं नाही. आत गेल्या, बादली घेऊन आल्या. पाण्यात मूठ मूठ करून मीठ घातलं, हाताने ढवळलं आणि बादली माझ्या पायाशी ठेवली.

"टाका," म्हणाल्या.

मी वाफ्यातल्या एकेक उचलून टाकल्या. फेस यायला लागला. मी तोंड फिरवलं.

"तिकडे नाही. इथे बघा."

मी बघत राहिले. भिंतीपलीकडे आमचे हे येऊन उभे राहिले होते, पण बाईंनी मान वर केली नाही. बादलीतलं सगळं थांबायला किती वेळ लागतो, हे मला माहीतच नव्हतं.