अंजूच्या रानातली सावड

दिवाळीच्या सुट्टीत कापूस फुटून लोंबत होता आणि वेचायला माणूस मिळत नव्हतं. म्हणून कुंभार पिंपळगावातल्या बायांनी नववीतल्या पोरींची सावड लावून दिली. आज सगळ्या मिळून एकीच्या रानात, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही, कामाला काम. आकांक्षाचं झालं, छकुलीचं झालं, बाकीच्यांचंही उरकलं. शेवटी राहिलं अंजूचं.

तोवर पोरी पार गळून गेल्या होत्या. वाळक्या बोंडांनी छकुलीची बोटं सोलवटली होती, कंबर धरली होती. संध्याकाळी अंजू घागर घेऊन पाण्याला गेली तशी आकांक्षा म्हणाली, “उद्या मी तर न्हाई येणार. मेंढरांचा वास येतो तिच्या घरी. तुम्ही जाणार का?”

पोरी हसल्या. वर्गात आकांक्षाच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून छकुलीनं वर्षभर काय काय नाही केलं. छकुलीच्या स्वतःच्या बापानं मेंढरं विकून फार दिवस झाले नव्हते, ते मात्र तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. म्हणून सगळ्यांच्या आधी तीच बोलली, “माझंबी अंग दुखून राह्यलंय.”

एकटीला विचारलं असतं तर ‘जाते की’ म्हणाली असती. या वयात मदतीला हात किती सैल सुटतो ते शेजारी कोण उभं आहे यावर ठरतं. मोठ्यांनी त्याला हसू नये, आपलंही फार वेगळं नसतं.

घरी छकुलीच्या आईनं, वच्छलाबाईनं, लेकीचं सगळं ऐकून घेतलं. “तू थकल्तीस तव्हा तुझी पात कुणी ओढली?” एवढंच तिनं विचारलं. अंजूनंच ओढली होती, आपली ओळ संपवून छकुलीची राहिलेली ओळ वेचून दिली होती.

सकाळी छकुली ओढ्याच्या आडवाटेनं अंजूच्या रानात गेली. अंजू आणि तिची आई, दोघीच वेचत होत्या. अंजूनं बाकीच्यांचं विचारलं नाही. “ये, ही पात धर,” म्हणाली, आणि कमी बोंडांची पात तिला दिली.

दुपारी रस्त्यावरून ओळखीचे आवाज आले. आकांक्षा आणि पोरी बाजाराला निघाल्या होत्या. छकुली मटकन खाली बसली. बसायचं असं तिनं ठरवलंही नव्हतं, अंगच बसलं.

“अंजे, आलं का गं कुणी तुझ्या सावडीला?” आकांक्षानं हाक मारली.

अंजूनं कापसाच्या पऱ्हाटीत दडलेल्या छकुलीकडे पाहिलं. नुसतं उभं राहायचं होतं, दुसरं काही नाही. पण सुट्टी संपल्यावर वर्गात आपल्याशेजारी कोण बसेल, या भीतीनं छकुली आणखीच खाली वाकली. तिला स्वतःची किळस आली, तरी ती बसूनच राहिली.

“न्हाई,” अंजू मोठ्यानं म्हणाली. “कुणीच न्हाई आलं.”

रस्त्यावर खूप हसणं झालं. “मंग बस एकटीच वेचत,” असं काहीतरी ऐकू आलं. अंजूची आई मान वर न करता कापूस वेचत राहिली.

आवाज लांब गेल्यावर अंजू पुन्हा पातीला लागली. छकुलीकडे न बघता म्हणाली, “गेल्या त्या. ऊठ आता, बसून कंबर भरंल तुझी.”

अंजूनं चार शिव्या दिल्या असत्या तर उठता आलं असतं. छकुली तशीच बसून रडली.