उलटी अंथरलेली चादर

मी एक जुनी सोलापुरी चादर आहे, आणि मला भयंकर राग आलेला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूने हळू आवाजात आपली कहाणी सांगावी आणि शेवटी डोळे पुसावेत, अशी तुमची अपेक्षा असते. माझ्याकडून ती धरू नका. मी जाड सुताची आहे. माझी माया जाड आणि माझा रागही जाड.

सोलापुरातल्या एका यंत्रमागावर माझा जन्म झाला. विटकरी अंग, त्यावर हिरवी नक्षी आणि दोन्ही टोकांना दशा. सुलेखाच्या आईने दुकानात मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाली, "ही टिकेल." सुलेखाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघाली होती. बॅगेच्या तळाशी मला ठेवलं. माझ्या घडीत सुलेखाने गुपचूप आणखी एक वस्तू सरकवली. ती होती तिची बास्केटबॉलची पांढरी जर्सी.

नागपूरला सुलेखा विद्यापीठाच्या संघात होती. अंगाने लहानखुरी, पण चेंडू घेऊन अशी निसटायची की समोरच्या उंच मुली एकमेकींवर आदळायच्या. हे मी पाहिलेलं नाही, मला जर्सीने विमानात सांगितलं. लग्न ठरल्यावर सासरच्या एका काकूंनी तिला समजावलं होतं, "आता खेळ पुरे गं. अंथरूण पाहून पाय पसरावेत." ही म्हण मला कधीच आवडली नाही. मी स्वतः अंथरुणाच्या जातीची असून सांगते.

आमचं घर शुगर लँडला, म्हणजे ह्यूस्टनच्या अंगाला. सुलेखाचा नवरा प्रसन्न तिथे एका तेल कंपनीत इंजिनियर होता. तो सकाळी गाडी घेऊन गेला की सुलेखा दिवसभर घरात एकटी. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, तिला गाडी चालवता येत नव्हती, आणि पायी जावं तर फुटपाथ मध्येच संपायचा. ऊन मात्र संपायचं नाही. ती माझ्यावर बसून खिडकीबाहेर बघत राहायची. जर्सी कपाटात होती.

ते साल होतं १९९७. महिलांची नवी व्यावसायिक लीग त्याच उन्हाळ्यात सुरू झाली होती आणि ह्यूस्टनच्या संघाचं नाव होतं कॉमेट्स. प्रसन्नला ऑफिसातून दोन तिकिटं मिळाली. तिथे बाहेर भट्टी असली तरी हॉलच्या आत हिमालय असतो, म्हणून सुलेखाने मला खांद्यावर घेतलं आणि मी त्या खेळाला गेले.

तिथे काय होतं सांगू? हजारो माणसं बायकांचा खेळ बघायला आली होती. बाप आपल्या मुलींना खांद्यावर घेऊन उभे होते. मैदानावर दहा नंबरची एक खेळाडू होती, सगळ्यांत बुटकी. उंच बायकांच्या मधून ती चेंडू घेऊन निसटली आणि सुलेखा खुर्चीवरून ताडकन उठली. मी खाली पडले.

"प्रसन्न, ती बघ! माझ्याएवढीच आहे!"

त्या दिवसापासून आम्ही जात राहिलो. कॉमेट्स पहिल्या वर्षी अजिंक्य ठरल्या, दुसऱ्या वर्षीही. प्रसन्नला तर सुलेखापेक्षा जास्त वेड लागलं होतं. पंचांना तो मराठीतून शिव्या घालायचा.

मग १९९९ साल आलं. दहा नंबरला कॅन्सर झाला आणि ऑगस्टमध्ये ती गेली. अंतिम सामने तोंडावर आले होते. सगळ्या शहरात एकच घोषणा उठली, 'थ्री फॉर टेन'. तिसरं अजिंक्यपद, दहा नंबरसाठी. तिचं नाव मी तुम्हाला आयतं देणार नाही. पुरुषांच्या संघांची नावं तुम्हाला पाठ असतात ना, मग हेही शोधा.

सुलेखाला तेव्हा सहावा महिना होता. एका दुपारी तिने कपाटातून जर्सी काढली, जमिनीवर पसरली आणि कात्री चालवली. मला वाटलं हिला वेड लागलं. तिने जर्सीतून मोठा तीन कापला, मग एक, मग शून्य, आणि गोधडीला घालतात तसे टाके घालून ते आकडे माझ्या अंगावर शिवले. मधल्या 'फॉर' या शब्दाला कापड उरलं नाही. तेव्हा प्रसन्नने खिशातला लाल रुमाल काढून तिच्या हातात दिला. स्वतःहून दिला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझा राग इथूनच पेटतो.

अंतिम फेरी न्यूयॉर्कशी होती. दुसरा सामना आम्ही जिंकल्यातच जमा होता, आणि शेवटच्या क्षणी न्यूयॉर्कच्या एका खेळाडूने अर्ध्या मैदानावरून चेंडू फेकला. तो थेट आत गेला. तो सामना आम्ही हरलो. प्रसन्नने माझ्यात तोंड खुपसलं आणि तो रडला. नाक शिंकरलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी तिसरा, निर्णायक सामना आम्ही जिंकलो. सुलेखाने मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि मोठ्या पडद्यावर मी दिसले. सोलापूरची मी, माझ्या अंगावर नागपूरची जर्सी, आणि समोर सगळं ह्यूस्टन उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

त्याच हिवाळ्यात रुचाचा जन्म झाला. पुढच्या वर्षी कॉमेट्सनी चौथं अजिंक्यपद घेतलं. लीगची पहिली चार वर्षं आणि चारही वेळा त्याच! पण पिकतं तिथं विकत नाही. २००८ साली तो संघ घ्यायला कोणी पुढे आलं नाही आणि तो बंद पडला. जुन्या हॉलमध्ये आज लोक प्रार्थनेला जमतात.

माझंही तेच झालं. सुलेखा गाडी शिकली, नोकरीला लागली, दिवस भरून गेले. मी सहलीला जाऊ लागले. शिवलेले आकडे बसणाऱ्याला टोचतात, म्हणून मला नेहमी उलटं अंथरायचे. आकडे गवताकडे आणि माझी पाठ माणसांकडे. पुढे गवत कापायच्या यंत्राखाली गॅरेजमध्ये पडले. रुचाने मला सुलटी अशी कधी पाहिलंच नाही. मी मनात म्हटलं, असू दे, घरातलं काम आहे. तोवर मला राग आला नव्हता.

राग आला तो या वर्षी. प्रसन्न आता साठीला टेकला आहे आणि मराठी मंडळाच्या मुलामुलींच्या बास्केटबॉल स्पर्धेचा प्रमुख झाला आहे. यंदाच्या स्पर्धेला त्याने विषय ठेवला 'बास्केटबॉलचे महान राजवंश'. गॅरेजमध्ये बसून त्याने मोठमोठी चित्रं रंगवली. सुरुवातीच्या काळातला मिनियापोलिसचा संघ, त्यातला तो चष्मेवाला उंच खेळाडू. लागोपाठ आठ वर्षं जिंकणारं बॉस्टन. शिकागो. लॉस एंजेलिस. मुलांच्या चार संघांना ही चार नावं. मुलींचे दोनच संघ होते. त्यांना त्याने नावं दिली, 'गर्ल्स ए' आणि 'गर्ल्स बी'.

मी तिथेच होते, त्याच्या पायापासून हातभर अंतरावर.

रुचा मुलींना खेळ शिकवते. ती चित्रं बघून म्हणाली, "बाबा, व्हेअर आर द कॉमेट्स? आई नेहमी सांगते."

"अगं, ते वेगळं गं. लोक कन्फ्यूज होतील. थीम प्रॉपर डायनेस्टीजची आहे."

"फोर इन अ रो, बाबा. दॅट्स नॉट प्रॉपर?"

"बघू पुढच्या वर्षी," प्रसन्न म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

या माणसाने माझ्यात नाक शिंकरलं होतं, मित्रांनो! त्याचा रुमाल अजून माझ्या पोटावर शिवलेला आहे. मिनियापोलिसचा संघ त्याने जन्मात पाहिला नाही. जे डोळ्यांनी पाहिलं, ज्याच्यासाठी रडला, ते मात्र 'वेगळं'. मला तोंड असतं तर मी त्याला तिथेच चावले असते.

स्पर्धेच्या सकाळी त्याने मला ओढून गाडीत टाकलं. "ही जुनी घेऊ, ओली झाली तरी चालेल." शाळेची जिम भाड्याने घेतली होती. तिथे बर्फाचा मोठा कूलर गळत होता, मला त्याच्याखाली दाबलं. उलटी, अर्थातच. नागपूरची ती जर्सी दिवसभर घाण पाण्यात भिजत पडली.

मुलांचे सामने रेंगाळले. कधी पंच उशिरा आले, कधी फोटो, मध्येच एका प्रायोजकाचं भाषण. सहाला जिम बंद होणार होती. साडेपाच वाजून गेले तरी मुलांच्या फायनलचा उत्तरार्ध चालूच होता आणि मुलींची फायनल व्हायचीच होती. दोन्ही संघांतल्या मुली दुपारपासून बुटांच्या नाड्या बांधून भिंतीला टेकून बसल्या होत्या. नैना नावाची त्यांतली एक, सगळ्यांत लहानखुरी, नुसती नाडी सोडत होती आणि बांधत होती.

प्रसन्न कूलरपाशी आला आणि रुचाला म्हणाला, "मुलींची फायनल कॅन्सल करू या यार. टाइमच नाही. दोन्ही टीमना विनर म्हणू, ग्रुप फोटो काढू. दे विल अंडरस्टँड."

"दे ऑलवेज अंडरस्टँड, बाबा. दॅट्स द प्रॉब्लेम."

"सीन नको करूस. लोक आहेत."

रुचाचे डोळे भरले. नेमकी तेव्हाच सुलेखा बर्फ न्यायला आली. सकाळपासून ती मिसळीच्या टेबलामागे उभी होती, एप्रनला तर्रीचे डाग पडले होते. तिने सगळं ऐकलं. मान खाली घालून ती कूलरशी वाकली, आणि तिला माझं दुमडलेलं टोक दिसलं. त्यावर मळकट पांढरं काहीतरी होतं. शून्याची कड.

सुलेखा रागावली की तिच्या तोंडून नागपूर बाहेर पडतं. "हे इथं काहून टाकलं?" एवढंच ती म्हणाली आणि तिने मला हिसका दिला. कूलर आडवा झाला, बर्फ सगळीकडे पसरला. कोणी ओरडलं, कोणी हसलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. मला फरफटत ती सरळ मैदानात शिरली. खेळ चालू होता, तो आपोआप थांबला. मधल्या गोलावर तिने मला पसरलं. सुलटी! इतक्या वर्षांनी आकडे वर आणि पाठ जमिनीला. मग गुडघ्यांवर हात टेकत ती माझ्यावर खाली बसली. ठिय्या दिला म्हणा ना.

नैना भिंतीपासून उठली आणि धावत येऊन सुलेखाशेजारी बसली. तिच्या मागून सगळ्या मुली आल्या. मी पुरेना, तशा त्या लाकडावरच बसल्या.

शिकागोचा कॅप्टन सौमित्र गोंधळून म्हणाला, "काकू, आमची मॅच?"

"बस बाळा, तू पण बस."

प्रसन्नच्या हातात माइक होता. "सुलेखा, प्लीज. लोक बघतायत."

"बघू दे. ह्यावर काय लिहिलंय ते वाच. माइकवर वाच."

तो जवळ आला. त्याने आधी आकडे पाहिले, मग मधला रुमाल. लाल रंग विटून गुलाबी झाला होता. माइक तोंडाशी नेऊन त्याने 'थ्री' म्हटलं आणि पुढचं त्याला येईना. शेवटी त्याने माइक खाली केला आणि साध्या आवाजात मुलांना म्हणाला, "बाहेर या रे. मैदान मुलींचं आहे."

मला उचलून कठड्यावर टाकलं. उरलेली वीसेक मिनिटं मुली खेळल्या. नैना उंच मुलींच्या मधून निसटली तेव्हा सुलेखाने अशी शीळ घातली की माझ्या दशा हलल्या. कोण जिंकलं ते ठरलंच नाही. बरोबरी चालू असताना चौकीदाराने अर्धे दिवे बंद केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "हाऊ स्वीट!" कोणीतरी म्हणालं, आणि माझ्या अंगाचा पुन्हा भडका उडाला. स्वीट? दिवसभर बसवून वीस मिनिटांचा खेळ दिला, त्यात गोड काय होतं?

घरी आल्यावर प्रसन्न माझ्यापाशी आला. म्हणाला, "आपण हिला फ्रेम करू. मंडळाच्या हॉलमध्ये लावू."

"काचेत नको. पुढच्या वर्षी पहिली मॅच मुलींची, ते आधी जाहीर कर. आणि नावं दे त्यांना."

त्याने मान डोलावली. मी बघेन. माझी आठवण त्याच्यापेक्षा चांगली आहे.

मित्रांनो, मला धूप दाखवू नका, डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवू नका. मला वापरा, पण सुलटी अंथरा. टोचलं तर टोचू द्या. आणि मुलींना अंथरूण पाहून पाय पसरायला सांगण्याआधी, ते अंथरूण आखूड कोणी केलं, तेवढं स्वतःला विचारा. तुमच्या घरातही एखादी चादर असेल, वर्षानुवर्षं एकाच बाजूने अंथरलेली. तिला उलटून बघा.

सुलेखाने मला धुतलं आणि घरापुढच्या कुंपणावर वाळत घातलं, आकडे रस्त्याकडे करून. आमच्या वसाहतीत बाहेर कपडे वाळत घालायला मनाई आहे. शेजारच्या बाईंनी गाडी थांबवून तिला सांगितलं, की सोसायटीची नोटीस येईल. सुलेखाने माझी सुरकुती हाताने सारखी केली आणि शून्य नीट दिसेल असं मला आणखी थोडं रस्त्याकडे ओढलं.

"येऊ दे," ती म्हणाली.